घेण्यास नकार

१४ नोव्हेंबर

चिल्लर,

या नावाने तुला हाक मारणारा आता मी एकटाच उरलो, म्हणून वापरून घेतो. रागावू नकोस.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. त्या दिवशी फोनवर तू ‘बरं’ म्हणालीस, मीही ‘बरं’ म्हणालो आणि मग दोघांनी एकमेकांना आपापल्याकडची थंडी सांगितली. फोनवर आपल्याला एवढंच जमतं. म्हणून पत्र. शिवाय एकतीस वर्षं टपाल खात्याचं अन्न खाल्लं, एका तिकिटापुरते तरी पैसे त्यांना परत जाऊ देत.

बाबांचं कपाट आवरायला घेतलं. वरचे दोन खण वहिनीने एका दुपारी संपवले, कारण बाबांकडे कपडे होतेच किती. खालच्या खणात पुलांच्या नोटांचा अल्बम निघाला. तुला आठवतंय ना तो प्रकार? भर गर्दीच्या बसमध्ये कुणीतरी चुकून परदेशी नोट दिली, बाबांच्या ते डेपोत गेल्यावर लक्षात आलं, सगळे कंडक्टर पोट धरून हसले. बाबांनी तेवढे पैसे पदरचे भरले आणि नोट घरी आणली. तिच्यावर एका दगडी पुलाचं चित्र होतं. मग कळलं की त्या देशाने अशा बारा नोटा काढल्या होत्या आणि पुढे चलन बदललं तेव्हा सगळ्या बाद केल्या. झालं, बाबांना नाद लागला. दिवसभर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरणारा माणूस घरी येऊन या नोटा चिमट्याने उचलायचा. आई म्हणायची, पोरांच्या अंगावर ओरडतील, पण कागदाला ओरखडा जाऊ देणार नाहीत.

अकरा नोटा आहेत, अकरा पूल. बारावा कप्पा रिकामाच आहे. तिथे पूल नाही, होडी हवी होती. त्या एका नदीवर त्यांना पूल बांधता आला नाही म्हणे, म्हणून नोटेवर होडी छापली.

अल्बम तुझ्याकडे असावा असं मला वाटतं. मला त्यातलं काही कळत नाही. लहानपणी बाबा भिंग घेऊन तुलाच मांडीवर बसवायचे. मी शेजारी दिवा धरून उभा असायचो.

पाठवू का? कळव.

दादा


२ डिसेंबर

दादा,

नको पाठवूस.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं, मग पुन्हा फोडलं. तुला कारण माहीत नसावं, म्हणून सांगते.

मी इकडे यायला निघाले तेव्हा स्टँडवर बाबा बाकी काही बोलले नाहीत. बॅग वर चढवली आणि म्हणाले, “तिकडे होडी दिसली तर बघ.” मी बघत राहिले. आई गेली तेव्हा मला येता आलं नाही. माझे कागद अडकले होते, दातांच्या लॅबमध्ये नवीन होते, हे सगळं तुला तेव्हाच सांगितलं होतं. बाबांना फोन केला तर म्हणाले, “आता येऊन काय करणार आहेस?” ते मला लागलं, पण त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

दोन वर्षांनी होडी दिसली. आमच्या लॅबसाठी प्लास्टर आणायला जाते त्या दुकानाशेजारी एक म्हातारा जुन्या नोटा विकायचा. काचेखाली होडी होती. मी ती घेतली. त्या महिन्यात बसऐवजी पायी कामावर गेले. बाबांच्या नावाने पाकीट रजिस्टर केलं, कस्टमचा फॉर्म भरला. आत काय आहे तिथे खरं ते लिहिलं, ‘जुनी संग्राह्य नोट, एक’, आणि ‘भेट’ या शब्दापुढे खूण केली. वाटलं, बाबांना पोस्टात सही करतानाच कळेल.

सात आठवड्यांनी पाकीट परत आलं, न फोडलेलं. वर टपाल खात्याची एक छापील चिकटपट्टी होती. पत्ता अपुरा, मालक सापडत नाही, मुदतीत नेले नाही, घेण्यास नकार, असे चार चौकोन. खूण चौथ्या चौकोनात.

माझ्यावर राग असू दे, पण होडीसुद्धा घेतली नाही? त्यानंतर मी त्यांना एक ओळ लिहिली नाही. आणि आता ते गेल्यावर आले नाही तेही त्याचमुळे. माझं पाकीट ज्यांनी परत लावलं त्यांच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

तू तेव्हा पोस्टातच होतास, बचत खात्याच्या खिडकीवर. बाबा नकार द्यायला तुमच्याच ऑफिसात आले असतील. ते काय म्हणाले रे? नेमके शब्द सांग, कितीही वाईट असले तरी. एकोणीस वर्षं मी स्वतःच वेगवेगळे शब्द त्यांच्या तोंडी घालून बघते आहे.

चिल्लर


१५ डिसेंबर

चिल्लर,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

इतक्या वर्षांपूर्वीचं नेमकं काय सांगणार? बाबा त्या पाकिटाबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत. आणि तुझ्याबद्दल शेवटपर्यंत एक वाकडा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, हे मी शपथेवर सांगतो. शेवटच्या महिन्यात तर ते वहिनीलाच चिल्लर म्हणायला लागले होते आणि वहिनी ओ द्यायची.

अल्बमला नाही म्हणू नकोस. मी मागाहून सगळी चौकशी करून आलो, ती ऐक. चालू चलन टपालाने पाठवता येत नाही, पण बाद झालेल्या नोटा संग्राह्य वस्तू म्हणून जातात. मात्र फॉर्मवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं ‘नोटा’ लिहिलं की पाकीट अडकलंच म्हणून समज. किंमतही लिहावी लागते, म्हणून मी चौकात जुनी नाणी-नोटा विकतो त्या नोटवाल्याकडे अल्बम दाखवायला नेला. त्याने डोळ्याला भिंग लावलं, प्रत्येक नोट उलटसुलट केली आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्या चोरून आणल्यात. म्हणाला, “इतक्या सरळ नोटा मी बघितल्या नाहीत. कुणाच्या आहेत?” म्हटलं, “कंडक्टरच्या.” त्याचा विश्वास बसला नाही.

प्रत्येक नोट बाबांनी पारदर्शक पिशवीत घातलीय, तिला टाचणी नाही की गोंद नाही. मागे-पुढे जाड पुठ्ठा लावीन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळीन. वाकणार नाही याची हमी माझी. तू फक्त हो म्हण.

दादा


३ जानेवारी

दादा,

‘माझ्याशी कधी बोलले नाहीत’ हे काही उत्तर नाही. पण बाबा तुला उगाच बंदा म्हणायचे का? मला चिल्लर आणि तुला बंदा. चिल्लर कुठेही सांडते, बंद्या नोटेचे सुट्टे करायला गेलं की सगळे दुकानदार हात वर करतात. तुझ्याकडून एक गोष्ट काढून घ्यायची तर माणसाला म्हातारपण येतं.

आठ दिवस विचार केला. इथे लॅबमध्ये माझ्या समोर सकाळपासून प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. कुणाचे दात घासून गेलेले, कुणाचा एकच सुळा शिल्लक. ठसा बघून मी सांगू शकते की हा माणूस झोपेत दात खातो की नाही. माणसाला बघितलेलंही नसतं. आणि स्वतःच्या बापाचं मला काही कळलं नाही. मग वाटलं, त्यांनी माझी नोट घेतली नाही, तरी मी त्यांच्या घ्याव्यात. निदान एकाने तरी घ्याव्यात.

पाठव. फक्त एक कर, फॉर्मवर ‘कागदपत्रं, किंमत नाही’ असं लिही. सगळे तसंच करतात. नाहीतर मला कामाच्या वेळात जाऊन रांगेत उभं राहावं लागेल, वर कर भरावा लागेल.

माझं ते परत आलेलं पाकीट अजून आहे. कधी फोडलं नाही. टाकवलंही नाही.

चिल्लर


१९ जानेवारी

चिल्लर,

आज अल्बम रवाना केला.

‘कागदपत्रं’ लिहिलं नाही. तुला रांगेत उभं राहावं लागेल त्याबद्दल आधीच कान धरतो, पण माझ्या हातून ते होणार नाही. एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो की बाई, स्वेटर आहे तर स्वेटर लिहा, भेट आहे तर भेट लिहा, इथे खोटं लिहिलंत तर पुढे कुणीतरी ते उघडून बघणार आहे. एक खोटी ओळ मी लिहिली नाही आणि कुणाला लिहू दिली नाही. आता निवृत्त झाल्यावर काय ती अवदसा आठवायची?

माझ्या जुन्या खिडकीवर आता एक मुलगी बसते. फार चटपटीत आहे. म्हणाली, काका, द्या, मी कॉम्प्युटरवर भरते. म्हटलं, बाळा, एवढा एक मला हाताने भरू दे. तिने कौतुकाने पेन पुढे केलं. ‘चलनातून बाद झालेल्या संग्राह्य नोटा, अकरा, अल्बमसह. भेट.’ नोटवाल्याने सांगितलेली किंमत. तारीख. खाली सही. ‘वरील तपशील खरा व पूर्ण आहे’ असं तिथे छापलेलंच असतं, त्याखाली सही करायची.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक कप्प्यात नोटेमागे बाबांनी जुनं बसचं तिकीट ठेवलंय आणि त्याच्या पाठीवर ती नोट कुठून, कुणाकडून मिळाली ते लिहिलंय. अकरा मी वाचली. रिकाम्या कप्प्यातही तिकिटं आहेत, तो चांगला फुगलाय. त्याला मी हात लावला नाही. तो तुमच्या दोघांचा कप्पा.

पोचलं की कळव. मी वाट बघतो आहे.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

अल्बम पोचला. नोटा सरळ आहेत.

मी रांगेत उभी राहिले, कर भरला. खिडकीवरच्या माणसाने पाकीट पुढे सरकवलं आणि सही करायला सांगितलं. मी सही करता करता थांबले, कारण माझं लक्ष तुझ्या फॉर्मकडे गेलं. ‘भेट’पुढची खूण उलटी आहे. लांब रेघ डावीकडे जाते. तुला डाव्या हाताने लिहितोस म्हणून शाळेत मार खायला लागायचा तीच ही खूण. तारखेतला महिना रोमन आकड्यात. किमतीतल्या साताच्या पोटातून आडवी रेघ.

घरी आले, ते जुनं पाकीट काढलं. चिकटपट्टीवर काय असतं, एक खूण, एक तारीख, रजिस्टरचा नंबर. एवढंच. मी ती एकोणीस वर्षांत पुन्हा बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद लॅबमध्ये नेले आणि जबडे बाजूला सारून दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले.

खूण उलटी आहे. महिना रोमन आहे. नंबरात दोन सात आहेत, दोन्हींच्या पोटात रेघ आहे.

तू बचत खात्याच्या खिडकीवर नव्हतास.

मला आता फक्त एक हवंय. बाबांनी नकार दिला की तू दिलास, हे मला तुझ्या हाताने लिहून पाठव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू थंडीबद्दल बोलशील.

आणि माझी नोट मी अजून कप्प्यात ठेवलेली नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी त्या कप्प्याला हात लावणार नाही.

मी नाव लिहीत नाही. कुणाचं पत्र ते तुला कळेल.


१७ एप्रिल

चिल्लर,

सात आठवडे झाले. रोज लिहायला बसतो. वहिनी विचारते एवढं काय लिहिताय, मी म्हणतो काही नाही, आणि खरंच कागदावर काही नसतं.

तू मागितलंस ते आधी देतो.

मी खाली सही करणारा जाहीर करतो की ते पाकीट आल्याचं मी बाबांना कधीही कळवलं नाही. कळवायची चिठ्ठी मीच लिहिली आणि माझ्याच खणात ठेवली. बाबा काऊंटरवर आले नाहीत. त्यांनी काही नाकारलं नाही. त्यांना तुझं पाकीट आलं होतं हेच माहीत नव्हतं. नकार माझा होता. वरील तपशील खरा व पूर्ण आहे.

आता बाकीचं. ऐकायचं नसेल तर इथेच थांब.

त्याच वर्षी माझी परदेशी टपालाच्या खोलीत बदली झाली होती. आपण बोलत नव्हतो, म्हणून तुला माहीत नाही. तळघरातली खोली, मधे लोखंडी जाळी, एक वजनकाटा. सकाळची थैली सोडली आणि तुझं अक्षर दिसलं. फॉर्म वाचला. ‘जुनी संग्राह्य नोट, एक. भेट.’ होडी आहे हे मला तिथेच कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आईचे शेवटचे चार महिने मी तिला उचलून न्हाणीघरात नेत होतो. औषधाच्या वेळा वहिनीला आणि मला झोपेतही पाठ होत्या. आणि संध्याकाळी बाबा आईजवळ बसून कुणाबद्दल बोलायचे? तुझ्याबद्दल. ती काय खात असेल, तिला तिकडे कुणी त्रास तर देत नसेल. ते पाकीट हातात धरून मला वाटलं, ही एक कागद पाठवून सगळं भरून काढणार. बाबा ती नोट चिमट्याने धरून गल्लीभर दाखवत फिरणार, आणि मी दिवा धरणार.

नियमाने पाकीट पंधरा दिवस ठेवावं लागतं. ठेवलं. रोज सकाळी ठरवायचो, आज घरी नेऊ, आज बाबांना खूश करू. रोज संध्याकाळी खण बंद करून रिकाम्या हाताने घरी जायचो. सोळाव्या दिवशी चिकटपट्टी काढली. तिसऱ्या चौकोनात ‘मुदतीत नेले नाही’ असं होतं, तेही खोटंच होतं, पण तिथे खूण केली असती तर तू नुसती वैतागली असतीस आणि पुन्हा पाठवलं असतंस. मला ते माहीत होतं. मी तिसरा सोडून चौथा घेतला. रागाच्या भरात केलं असंही म्हणू शकत नाही. पंधरा दिवस विचार करून केलं.

मला वाटलं होतं तू भडकशील, फोन करशील, भांडशील, आणि भांडायला का होईना पण येशील. साध्या कंपासपेटीवरून तू माझ्याशी महिनाभर भांडलेली आहेस. यावर मात्र गप्प बसलीस. मी महिनाभर वाट बघितली, मग सांगायची वेळ निघून गेली असं वाटलं, आणि मग खरोखरच निघून गेली.

बाबा विचारायचे. “पोस्टात काही आलं का रे?” कुठून ते म्हणायचे नाहीत. मी म्हणायचो, नाही. त्या त्या दिवशी ते खरंच असायचं, आणि मी त्यावरच निभावून नेलं. एकदा म्हणाले, “मीच तिला येऊ नकोस म्हणालो. एक पत्र टाकू का?” मी म्हणालो, “तिला वाटलं तर ती लिहील.” त्यांनी मान हलवली. पुढे कधीतरी विचारायचे थांबले. मला वाटलं, विसरले. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

एकतीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिली नाही, हे मागच्या पत्रात मी तुलाच ऐकवलं. लिहिताना मला ते खरं वाटत होतं. ओळ लिहिली नव्हतीच. नुसती एक खूण केली होती.

परवा वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, “हे पोटात ठेवून माझ्या हातचं जेवलात इतकी वर्षं?” आज सकाळी म्हणाली, तिला लिहा, आता तिच्यासमोर तरी लपू नका.

माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. तुझी मागतो. बाबांची मागायची वेळ गेली.

दादा


२९ मे

दादा,

तुझं पत्र मिळून महिना झाला. पहिल्या दिवशी एवढी रडले की लॅबमध्ये कुणाच्या तरी दाढा चुकीच्या बाजूला बसवल्या. दुसऱ्या दिवशी तुला चार पानं शिव्या लिहिल्या. त्या पाठवलेल्या नाहीत. पाठवाव्यात असं अजूनही अधूनमधून वाटतं.

माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहवलं नाही. फॉर्मवर खोटं लिहू नये हे तूच सांगितलंस. पण एक तुझ्या बाजूचं लिहिते, कारण तेही खरं आहे. आईला उचलून नेणारे हात माझे नव्हते. ते मी तुला कधी विचारलंही नाही, तू दमलास का म्हणून. आणि चिकटपट्टी बघून मी जरा तरी भांडायला हवं होतं. एक फोन केला असता तर सगळं पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. मी बापाला ओळखत होते आणि तरी एका खुणेवर विश्वास ठेवला. एकोणीस वर्षांतली निम्मी माझ्या नावावर घाल.

मागच्या रविवारी पाकीट फोडलं. होडी चांगली आहे. नावाडी उभा आहे आणि आत दोन माणसं बसलीयत, एक मोठा आणि एक लहान. हे मी विसरले होते.

कप्प्यात ठेवण्यासाठी आधी तिकिटं काढावी लागली. सत्तेचाळीस निघाली, बाबांच्या बारीक अक्षरातली, तारखा घातलेली. सगळ्यात तळाशी होतं त्यावर लिहिलंय, ‘होडी. चिल्लर पाठवील.’ त्याच्यावरची सगळी जवळजवळ सारखी आहेत. ‘पोस्टात विचारलं. नाही.’ ‘तिचा वाढदिवस. विचारलं. नाही.’ ‘डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर विचारलं. नाही.’ ते विसरले नव्हते, दादा.

सेहेचाळीस तिकिटं मी परत कप्प्यात ठेवली आणि वर होडी ठेवली. कप्पा नीट बंद होत नाही. राहू दे तसाच.

सगळ्यात वरचं तिकीट माझं नाही. ते या पत्रात घातलंय. बाबांनी विचारणं का थांबवलं ते त्यावर आहे. आठ वर्षांपूर्वीची तारीख आहे. मला ते ठेवून घेता आलं असतं, आणि पहिल्या दिवशी तसं वाटलंही. पण ज्याचं टपाल त्याला पोचलं पाहिजे.

त्यावर लिहिलंय, ‘आज विचारलं. नाही म्हणताना बंद्याचा चेहरा एवढासा झाला. माझ्यापायी त्याला वाईट वाटतं. पुन्हा विचारायचं नाही.’

पत्र साध्या टपालाने टाकते आहे. सही लागणार नाही, पेटीत पडेल. तूही लिहिलंस तर साध्यानेच लिही.

चिल्लर